सहा नंबरच्या दालनातली हजेरी

देशोदेशींच्या महासभेच्या शहरात त्यांच्या देशाची कचेरी म्हणजे तीन खोल्या, एक कपाट, एक मोठी छत्री आणि नवरा-बायको. बायको राजदूत होती. नवरा चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. कागदोपत्री ते द्वितीय सचिव होते. प्रथम सचिव कुठे आहेत, असं कुणी विचारलं तर मास्तर प्रामाणिकपणे सांगत, की ती जागा अजून मंजूर झालेली नाही. गाडी चालवणं, टंकलेखन, राजदूतबाईंच्या कपड्यांना इस्त्री आणि राष्ट्रध्वज धुऊन सावलीत वाळवणं (उन्हात रंग उडतो) एवढा परराष्ट्र खात्याचा कारभार त्यांच्या एकट्याच्या अंगावर होता. तो ते तक्रार न करता रेटत होते, असं मात्र नाही. तक्रार ते रोज करत.

या देशाच्या शेजारी एक थोरला देश होता. इतका थोरला, की नकाशावर त्याचं नाव छापलं की शेवटची दोन अक्षरं यांच्या समुद्रात येत. मास्तर शाळेत असताना दर वर्षी नवा नकाशा आला की पांढऱ्या रंगाने ती दोन अक्षरं झाकून टाकत आणि मगच तो वर्गात टांगत. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं होतं. मास्तर म्हणाले होते, की समुद्र आपला आहे, त्यात कुणी काय लिहायचं ते आपण ठरवायचं.

आता थोरल्यांनी अक्षरांवर न थांबता पुढचं पाऊल टाकलं होतं. दोन देशांच्या मध्ये, पण सरळ सरळ यांच्या हद्दीत, एक खडक होता. ओहोटीला जेमतेम डोकं वर काढायचा. त्याला सगळे मधला खडक म्हणत, आणि देशातले निम्मे लोक त्याच्या भोवतीच्या मासळीवर जगत. बाईंचे दोन्ही भाऊ तिथेच जाळी टाकत. थोरल्यांनी सागरी सीमांच्या मसुद्यात चौदावं कलम घातलं होतं, की हा खडक दोघांनी मिळून वापरावा आणि वापराची व्यवस्था ज्याच्याकडे गस्तीच्या बोटी जास्त, त्याने बघावी. थोरल्यांकडे दोनशे बोटी होत्या. यांच्याकडे दोन, आणि त्यातली एक रंगकामासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली.

बरं, हा मसुदा ज्या समितीपुढे होता, तिचा नियम मोठा छान होता. चौसष्ट देशांपैकी एकानेही हरकत घेतली, तर ते कलम बाद. अध्यक्ष विचारणार, कुणाची हरकत? तेवढ्यात ज्याने आपल्या देशाची पाटी उभी केली, त्याचं ऐकावंच लागणार. देश दोनशे बोटींचा असो की दोन बोटींचा, पाटी सगळ्यांना एकाच मापाची. पण अध्यक्षांचा हातोडा टेबलावर पडला की संपलं. मग डोकं आपटून घेतलं तरी उपयोग नाही.

समितीची बैठक गुरुवारी होती. मंगळवारी कळलं, की ती बुधवारीच आहे.

म्हणजे झालं असं, की मंगळवारी संध्याकाळी मास्तर इस्त्री करत होते आणि दाराखालून एक चिठ्ठी सरकली. सहा नंबरच्या दालनातली बैठक एक दिवस अलीकडे घेतली आहे, कळावे. बाईंनी ती वाचली आणि खुर्चीत बसल्या. बुधवारी त्याच वेळी दोन नंबरच्या दालनात त्यांच्या देशाच्या बंदराचा ठराव होता, तो मांडणार होत्या स्वतः बाई, आणि मांडणारा हजर नसला तर ठराव वर्षभर लांबणीवर. थोरल्यांचं शिष्टमंडळ बेचाळीस जणांचं. त्यातला एक जण नुसत्या बॅगा उचलायला होता. त्यांना एकाच वेळी दहा दालनांत बसता येत होतं. बाई एकट्या, त्या दोन खुर्च्यांवर कशा बसणार? चिठ्ठी सरकवणाऱ्यांनी हा हिशोब आधीच केला होता.

बाईंनी इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "उद्या सहा नंबरमध्ये तुम्ही बसायचं."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं, पण इस्त्री हातात असल्यामुळे ते लपलं. बाईंनी काम नीट समजावून सांगितलं. दिवसभर बसायचं, बोलायचं नाही, कुणाशी वाद घालायचा नाही, कुणाचं व्याकरण सुधारायचं नाही. अध्यक्षांनी चौदावं कलम पुकारलं, की पाटी उभी करायची आणि एकच शब्द म्हणायचा: हरकत. बास. पुढचं सगळं कागदावर लिहून देता येईल.

मास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले, की अधिकारपत्र लागेल. बाई म्हणाल्या, कशाला, सगळे तुम्हाला ओळखतात, छोट्या देशांची माणसं एकमेकांच्या खुर्च्या सांभाळतच असतात. मास्तर हटले नाहीत. शाळेत बदली शिक्षक आला तरी पत्र घेऊन यायचा, इथे तर देश आहे. बाईंना दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी करायची होती. त्या करवादल्या. तरीही त्यांना पत्र लिहावं लागलं, आणि मग मोहोर सापडेना. ती शेवटी मास्तरांच्या बटणांच्या डब्यात निघाली. पत्रावर ती जोरात उमटवताना बाईंनी असा काही आवाज केला, की मास्तरांना त्यात स्वतःबद्दलचं मत ऐकू आलं. त्यांनी पत्राची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वर नियमांचं पुस्तक मागून घेतलं.

मास्तर कुठलंही नियमांचं पुस्तक हजेरीच्या पानापासून वाचायचे. हेही त्यांनी तिथूनच उघडलं.

बुधवारी सकाळी दहाला ते सहा नंबरच्या दालनात आपल्या देशाच्या खुर्चीवर बसले. दालन म्हणजे घोड्याच्या नालासारखं वळलेलं लांब टेबल, प्रत्येक खुर्चीपुढे देशाच्या नावाची पाटी, पाण्याचा पेला आणि कानाला लावायचं यंत्र, ज्यातून भाषांतर यायचं. पाटीवर नाव फक्त पुढच्या बाजूला होतं. बसणाऱ्याला आपला देश माहीत असतोच, असं धरून चालले होते. मास्तरांनी पाटी हाताशी घेतली, यंत्र कानाला लावलं आणि थोरल्यांच्या बाजूला एक नजर टाकली. तिथे सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्यामागे पाच-सहा जण, आणि त्यात लाल टाय घातलेला एक तिशीतला अधिकारी चष्मेवाल्या साहेबांची बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

अध्यक्ष कुठल्याशा थंड देशाचे होते आणि त्यांना सर्दी झालेली होती. दर कलमानंतर ते नाक शिंकरायचे. पहिलं कलम मंजूर झालं, शिंकरले. दुसऱ्या कलमातल्या एका स्वल्पविरामावर चष्मेवाले साहेब बोलायला उभे राहिले आणि पस्तीस मिनिटं बोलले. तिसऱ्यावर पुन्हा. मास्तरांना कौतुक वाटलं, की इतका मोठा देश आणि विरामचिन्हांची इतकी काळजी. तासाभराने मात्र त्यांच्या लक्षात आलं, की ही स्वल्पविरामाची काळजी नाही. लोकांना कंटाळा यावा आणि त्यांनी उठून जावं, यासाठी हे दळण चाललं आहे.

आणि लोक उठून जात होते. कुणाचं विमान होतं, कुणाची दुसरी बैठक, कुणाला नुसतीच भूक लागली होती. मास्तरांना रिकामी बाकं बघवत नसत. ती जुनी सवय. त्यांनी दप्तरातून एक कोरा कागद काढला, चौसष्ट देशांची नावं खाली खाली लिहिली आणि दर तासाला हजेरी भरायला सुरुवात केली. आला असेल त्याला बरोबरची खूण, नसेल त्याला शून्य. पहिल्या तासाला बावन्न. जेवणाआधी सेहेचाळीस. जेवणानंतर चौतीस. मनात ते एकेकाला रागवतही होते. पाण्याच्या पेल्याशी खेळणाऱ्या एका प्रतिनिधीकडे त्यांनी इतक्या रोखून बघितलं, की त्या बिचाऱ्याने पेला बाजूला ठेवला.

चारच्या सुमाराला आठवं कलम चालू होतं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर तीन जण बॅगा उचलून बाहेर गेले. त्यांनी तीन शून्यं भरली आणि शेवटच्या तासाची बेरीज केली. बेरीज पस्तीस आली.

हे काही बरोबर नव्हतं. चौतिसातून तीन गेले आणि उरले पस्तीस? बेरजेत चूक असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा पस्तीस. शेवटच्या तासाला हजेरी वाढते, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. मास्तरांनी कागद बाजूला ठेवला आणि चेहरे बघायला लागले. उजवीकडे टोकाला, जेवणाच्या सुट्टीपासून रिकाम्या असलेल्या एका खुर्चीवर आता कुणीतरी बसलं होतं. लाल टाय. पलीकडे आणखी एक नवा चेहरा. डावीकडे दोन. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. सकाळी बॅग मांडीवर घेऊन बसलेला माणूस दुपारी दुसऱ्याच देशाच्या पाटीमागे बसून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, पाणी पीत होता.

ठक.

हातोड्याचा आवाज झाला आणि मास्तर भानावर आले. कानातलं यंत्र केव्हाच गळून गळ्यात पडलं होतं. त्यांनी ते घाईघाईने लावलं. अध्यक्ष नाक शिंकरत सांगत होते, की चष्मेवाल्या साहेबांच्या सूचनेप्रमाणे नऊ ते वीस ही कलमं एकदम घेतली, कुणाचीही हरकत आली नाही, सबब ती मंजूर.

नऊ ते वीस. म्हणजे मध्ये चौदा.

मास्तर दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसले आणि नेमक्या त्या घटकेला दुसऱ्याच्या वर्गातली पोरं मोजत राहिले. एकच काम सांगितलं होतं, एकच शब्द म्हणायचा होता. त्यांना मेहुणे आठवले, दोघेही. धाकटा दर वर्षी मधल्या खडकावरून पहिली मासळी बहिणीच्या घरी पाठवायचा. आता त्याला तिथे जायला कुणाची परवानगी घ्यावी लागणार होती, आणि ती कुणामुळे? दोन नंबरमध्ये उभी राहून भाषण करणाऱ्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, हे त्यांना कळेना. त्यांना खरोखर रडू येत होतं. समोर नुसता तो कागद होता, खुणांचा आणि शून्यांचा, आणि खाली पस्तिसाचा आकडा. ते त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी पाटी उभी केली.

चष्मेवाले साहेब हसले. अध्यक्ष हळहळल्यासारखं करून म्हणाले, की माननीय सदस्यांना उशीर झाला, हातोडा पडल्यावर हरकत घेता येत नाही. मास्तर उभे राहिले. उभं राहून बोलायची तिथे पद्धत नव्हती, पण बसून त्यांना आयुष्यात कधी शिकवता आलं नव्हतं.

"हरकत नाही, अध्यक्ष महोदय," ते म्हणाले. "माझं हजेरीबद्दल म्हणणं आहे."

त्यांनी सांगितलं, की नियम पाचप्रमाणे निम्म्याहून जास्त देश, म्हणजे किमान तेहतीस, दालनात हजर पाहिजेत. नसतील तर त्या वेळात झालेला निर्णय ग्राह्य नाही. अध्यक्षांनी पुस्तक उघडलं. मास्तरांनी पान क्रमांक सांगितला. चष्मेवाले साहेब शांतपणे म्हणाले, की पस्तीस खुर्च्या भरलेल्या दिसतच आहेत, मोजून घ्या.

"मोजल्यात," मास्तर म्हणाले. मग ते लाल टायकडे वळले, आणि त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला. "तुम्ही. हो, तुम्हीच. उभे राहा. कुठल्या देशाचे?"

लाल टाय उभा राहिला. तो बेचाळीस जणांच्या शिष्टमंडळातला अधिकारी होता, त्याला उभं राहायचं काहीच कारण नव्हतं. पण त्या आवाजाला तो लहानपणी उठायला शिकलेला असणार. तो उभा राहिला आणि त्याने चष्मेवाल्या साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते. मग त्याने समोरच्या पाटीकडे बघितलं. पाटीची त्याच्याकडची बाजू कोरी होती. सगळं दालन बघत असताना तो टेबलावर ओणवा झाला, मान पलीकडे काढली आणि आपल्या देशाचं नाव उलटं वाचायचा प्रयत्न करू लागला.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाकीच्या तीन नव्या चेहऱ्यांपैकी एक तेवढ्यात पाटी खाली पाडून उठला आणि दाराकडे निघाला.

चष्मेवाले साहेब आता उभे राहिले. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, ते म्हणाले, रिकाम्या खुर्च्या सांभाळायचा प्रकार छोटे देश रोज करतात, आणि हे गृहस्थ तरी कोण आहेत? राजदूतबाईंचे यजमान. कालपर्यंत यांना आम्ही बाईंची छत्री धरताना बघत होतो. हे कुठल्या अधिकारात इथे बसलेत?

"छत्री मी आजही धरली," मास्तर म्हणाले. "सकाळी ऊन होतं."

आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र काढलं. अध्यक्षांनी घडी उलगडली. सही होती, तारीख होती, आणि मोहोर इतकी ठसठशीत होती, की कागदाला मागून उठाव आला होता. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं, नाक शिंकरलं, आणि चार खुर्च्यांवरच्या मंडळींना अशीच पत्रं दाखवायची विनंती केली. चौघांपैकी एक तर बाहेरच गेला होता. उरलेले तिघे उठून चष्मेवाल्या साहेबांच्या मागे जाऊन बसले.

मोजणी झाली. एकतीस. नऊ ते वीस रद्द. पुढची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, आणि पुन्हा असा घोटाळा नको म्हणून सुरुवातीला प्रत्येक देशाचं नाव पुकारून हजेरी घेतली जाईल, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. हातोडा पडला. मास्तर खाली बसले.

बाई त्यांना जिन्यात भेटल्या. बंदराचा ठराव मंजूर झाला होता आणि सहा नंबरची हकीकत मजल दरमजल करत त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. वाटेत तिला थोडे पंखही फुटले होते. मास्तरांनी त्या लाल टायला अंगठे धरून उभं केलं, असं त्यांनी ऐकलं होतं. त्या हसत होत्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बायकोचा हात धरून तिला पायरीवर बसवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं: चौदा हातचं गेलं होतं. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं.

जिन्यातून लोक वर-खाली जात होते आणि मास्तरांकडे बघून माना लववत होते. मास्तरांना ते सहन होत नव्हतं.

"एकच काम सांगितलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मी म्हणत होते, पत्र कशाला हवं." त्यांनी पदराने डोळे टिपले, की नाक पुसलं, ते मास्तरांना नीट दिसलं नाही. "आपण दोघं मिळून एक धड राजदूत होतो, झालं."

गुरुवारी सकाळी सहा नंबरचं दालन खच्चून भरलं होतं. रोज दांडी मारणारे देशसुद्धा आले होते, कारण हजेरीच्या मास्तरांना बघायचं होतं. चष्मेवाल्या साहेबांच्या मागे सहाच्या सहा जण आपापल्या जागी होते. लाल टायने आज निळा टाय घातला होता. बाईंनी पाटी आपल्यासमोर घेतली, चौदाव्या कलमाच्या कागदावर बोट ठेवलं, आणि मास्तर त्यांच्या मागच्या खुर्चीवर, सचिवाच्या जागी, छत्री घेऊन बसले. आज चौदावं कलम टिकणार नाही, हे त्या दालनातल्या खुर्च्यांनाही माहीत होतं.

अध्यक्षांनी यादी हातात घेतली आणि एकेक नाव पुकारायला लागले. हजर, हजर, हजर. थोरल्यांचं नाव आलं. हजर, चष्मेवाले साहेब म्हणाले, आणि अध्यक्षांनी एक खूण केली. एकच, बाकीच्यांसारखीच. मास्तर पुढे वाकून ते बघत होते.

मग त्यांच्या देशाचं नाव आलं. बाईंनी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं आणि भुवईने खूण केली. अध्यक्षांनी नाव पुन्हा पुकारलं. चाळीस वर्षं मास्तरांनी हजारो पोरांची नावं पुकारली होती, आणि आज पहिल्यांदा त्यांना उत्तर द्यायचं होतं. ते छत्रीचा आधार घेऊन उठले, ताठ उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, की आपल्या शिष्टमंडळाचे किती जण उपस्थित आहेत, तेही नोंदवायचं आहे.

"सगळे," मास्तर म्हणाले, आणि खाली बसले.